‘काही करत नाही, घरीच असते’

संपादक महोदय,

बेरोजगारीचे मासिक आकडे आता नियमित येतात आणि त्यांच्या बातम्याही ठळक छापल्या जातात. त्या बातम्यांत एक गफलत वारंवार दिसते, म्हणून हे पत्र.

नियतकालिक श्रमबल पाहणी म्हणजे रोजगार मोजणारी सरकारी पाहणी. तिच्या 2023-24 च्या वार्षिक अहवालात 15 वर्षांवरील व्यक्तींचा बेरोजगारी दर 3.2 टक्के आहे. त्याच अहवालात तो 4.9 टक्केही आहे. माणसं तीच, वर्ष तेच, फक्त मोजपट्टी वेगळी. पहिल्या मोजपट्टीत मागचे 365 दिवस बघतात आणि त्यातले 30 दिवस पूरक काम केलेलं असलं तरी माणूस कामकरी धरतात. दुसरीत मागचे सात दिवस बघतात. एका दिवशी तासभर काम केलं तरी पुरतं, पण कामाचा हंगाम संपून पुन्हा काम शोधणारा माणूस तिथे लगेच बेरोजगार दिसतो. मे 2025 पासून येणारी मासिक पत्रकं या सात दिवसांच्या मापावर आहेत. एप्रिल 2025 चा पहिला आकडा होता 5.1 टक्के. तो 3.2 च्या शेजारी ठेवून ‘बेरोजगारी वाढली’ म्हणणं चूक. 4.9 शी ताडून पाहणं त्यातल्या त्यात बरं, पण जानेवारी 2025 पासून नमुन्याची रचनाच बदलली आहे, तेव्हा तेही जपूनच.

खरा गुंता बायकांच्या आकड्यात आहे. 2017-18 मध्ये 15 वर्षांवरील स्त्रियांचा श्रमशक्तीतला सहभाग, म्हणजे काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण, 23.3 टक्के होता, 2023-24 मध्ये तो 41.7 झाला. हा आकडा कोणत्या रकान्यांतून आला ते बघायला हवं. पाहणीत प्रत्येकाला एक संकेतांक देतात. पगारी नोकरी 31, स्वतःचा धंदा 11, घरच्या धंद्यात किंवा शेतीत बिनपगारी मदत 21, फक्त घरकाम 92, आणि घरकामासोबत सरपण, वैरण गोळा करणं किंवा घरच्यांचे कपडे शिवणं असेल तर 93. यातले 21 म्हणजे ‘कामकरी’. 92 आणि 93 श्रमशक्तीच्या बाहेर. काम करणाऱ्या म्हणून मोजलेल्या स्त्रियांपैकी तिघींत एकीहून अधिक या 21 मध्ये आहेत. काम आहे, हातात पैसा नाही.

एकाच घरातली एकच बाई घ्या. दोन म्हशींची धार काढून ती डेअरीला दूध घालते, खातं नवऱ्याच्या नावावर. ती 21. सरपण आणते, ते 93 चं काम. अंथरुणाला खिळलेल्या सासूला भरवते, पुसून घेते, तिची कूस बदलते, ते 92 चं. आता पाहणी करणारा दारात आला, त्याने कर्त्या पुरुषाला विचारलं, ‘या काय करतात?’ आणि उत्तर आलं, ‘काही करत नाही, घरीच असते.’ तो पुढे न खोदता 92 लिहून मोकळा झाला, तर म्हशीही गेल्या आणि शेतातले दिवसही गेले. तोच प्रश्न ‘खुरपणीला किती दिवस, काढणीला किती, दूध कोण घालतं’ असा विचारला तर 30 दिवस सहज भरतात. म्हणून सहभागातली वाढ थोडी खऱ्या कामाची, थोडी नीट विचारल्याची असू शकते; दोन्ही वेगळे काढून दाखवल्याशिवाय त्यावर टाळ्या वाजवू नयेत.

सासूच्या सेवेचा हिशेब दुसऱ्या पाहणीत सापडतो, वेळेच्या वापराच्या. ती देशभर 2019 मध्ये आणि पुन्हा 2024 मध्ये झाली. पहाटे चार ते दुसऱ्या दिवशीच्या पहाटे चारपर्यंतचा दिवस अर्ध्या-अर्ध्या तासाच्या खणांत लिहितात, एका खणात फार तर तीन कामं, आणि प्रत्येक किमान दहा मिनिटांचं. इथेच सेवा गळते. गोळ्या देणं तीन मिनिटं, कूस बदलणं पाच, रात्री तीनदा उठणं तेवढंच. दहा मिनिटं न भरलेलं असलं काही त्या खणांत येत नाही, आणि आजारपणाची सेवा बहुतांशी अशा तुकड्यांचीच असते.

2024 च्या पाहणीत 15 ते 59 वयाच्या 41 टक्के स्त्रिया आणि 21.4 टक्के पुरुष घरातल्यांची काळजी घेताना आढळले; स्त्रियांची सरासरी सुमारे 140 मिनिटं, पुरुषांची 74. ही सरासरी फक्त काळजी घेणाऱ्यांची आहे. ‘प्रत्येक स्त्री रोज 140 मिनिटं’ असं छापणं चूक. सगळ्यांवर वाटली तर स्त्रियांना साधारण 57 आणि पुरुषांना 16 मिनिटं येतात. म्हणजे दुपटीचा वाटणारा फरक साडेतीन पटींचा निघतो.

खर्चाचं तसंच. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार आरोग्यावरच्या एकूण खर्चात लोकांच्या खिशातला वाटा 2013-14 मध्ये 64.2 टक्के होता, 2021-22 मध्ये 39.4 झाला. पण 2021-22 च्या आकड्याचा पाया जुलै 2017 ते जून 2018 ची घरोघरची पाहणी आहे. तीच पुढे वाढवून नेली आहे. कोविडमध्ये लोकांनी घरं कशी गहाण टाकली ते तिच्यात दिसणार कसं? शिवाय आजाऱ्याच्या सेवेसाठी ब्यूरोकडून ठेवलेल्या मावशींचा महिन्याचा पगार घरखर्चाच्या पाहणीत सेवांच्या यादीत जातो, आरोग्याच्या नाही. आणि नोकरी सोडून सुनेनेच ते काम केलं तर खर्च शून्य. मावशींचा पगार राष्ट्रीय उत्पन्नात धरतात, सुनेचे श्रम धरत नाहीत.

त्या सुनेला स्वतःला कसं वाटतं, हे विचारणारी नियमित सरकारी पाहणी आपल्याकडे नाही. ब्रिटनचं सांख्यिकी कार्यालय 2011 पासून समाधान, जगण्याचा अर्थ, कालचा आनंद आणि कालची चिंता हे चार प्रश्न 0 ते 10 च्या मापावर विचारतं. आपल्याकडे मुंबईतल्या देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने 2017-18 मध्ये देशभरातल्या 45 वर्षांवरील लोकांना आणि त्यांच्या जोडीदारांना, मिळून 72 हजारांहून अधिक जणांना, जगण्यातलं समाधान विचारलं. सांभाळणारी पस्तिशीतली बाई त्या वयोगटात बसतच नाही.

राष्ट्रीय पाहण्यांत महाराष्ट्राचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय राज्याचा स्वतःचा नमुना घेतं. त्या नमुन्यात तीन प्रश्न घालावेत: मागच्या सात दिवसांत आजारी किंवा वृद्ध माणसासाठी किती वेळा आणि रात्री किती वेळा उठावं लागलं, घरच्या सेवेसाठी मावशी, डायपर, हवेची गादी यांवर महिन्याला किती गेले, आणि सेवा करणाऱ्या व्यक्तीला आपलं समाधान 0 ते 10 मध्ये किती वाटतं. तिसरा प्रश्न तिलाच विचारावा, कर्त्या पुरुषाला नाही.

आणि वाचकांना विनंती: ओळखपत्र घेतलेला, टॅबवर माहिती भरणारा कर्मचारी दारात आला तर घरातल्या बाईला बाहेर बोलवा, तिचं उत्तर तिला देऊ द्या. शेतातले दिवस मोजून सांगा, दूध कोण घालतं ते सांगा. ही माहिती कायद्याने गोपनीय असते, ती कर खात्याकडे किंवा रेशनच्या यादीसाठी जात नाही.

— सांख्यिकीच्या एक निवृत्त अध्यापिका, सातारा