विषय : दिल्लीच्या सहलीत कबूल केलेली ठिकाणे न दाखवल्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

आपल्या प्रतिनिधीशी आज फोनवर झालेल्या बोलण्यानंतर ही तक्रार लेखी देत आहे. कार्यक्रमपत्रिका आपणच छापली असल्याने तिचा तपशील सांगत बसत नाही. लोदी गार्डन, हुमायूनचा मकबरा आणि जुन्या दिल्लीतील सकाळची न्याहारी यांसाठीच मी ही सहल निवडली होती आणि तिन्हींपैकी एकही गोष्ट मिळाली नाही.

लोदी गार्डनपाशी बस थांबलीच नाही. त्याबद्दल विचारताच प्रतिनिधी म्हणाले, "ठिकाण दाखवल्याची नोंद आहे." खिडकीतून फक्त कुंपण दिसले, असे मी सांगितले. "म्हणजे दिसलं ना, सर?" आत दिल्लीचा सुलतान सिकंदर लोदी याचा मकबरा आहे, हे सांगितल्यावर त्यांनी मला थांबायला लावले, बराच वेळ संगीत ऐकवले आणि परत येऊन विचारले, "बागेत काय बघायचं असतं, सर? झाडं तुमच्याकडेही असतीलच की."

दिल्ली दाखवण्याचे पैसे घेणाऱ्या संस्थेने असे बोलावे, याचा मला संताप आला आहे. त्या बागेत सय्यद घराण्यातील सुलतान मुहम्मद शाहचा पंधराव्या शतकातील अष्टकोनी मकबरा आहे; १५१७ साली वारलेल्या सिकंदर लोदीचा मकबराही अष्टकोनीच, पण त्याच्याभोवती तटबंदीचे आवार आहे. हे दोन्ही पाहून मग हुमायूनच्या मकबऱ्याच्या चारबागेत, म्हणजे चार भागांत आखलेल्या बागेत, त्या पाण्याच्या पाटांमधून चालत गेले, म्हणजे दिल्लीत कबर आणि बाग यांचे नाते कसे वाढत गेले ते डोळ्यांनी समजते. तेवढ्यासाठीच मी आलो होतो. ती चारबागही हुकली, कारण सारी दुपार हस्तकलेच्या एका दुकानात घालवून बस पोहोचली तेव्हा प्रवेश बंद झाला होता.

रात्रभर मंद आचेवर शिजणारी निहारी, म्हणजे मटणाचा दाट रस्सा, किंवा चांदणी चौकातली डाळीचे सारण भरलेली बेडमी पुरी ही सकाळीच खायची असते. त्या वेळी आम्हाला हॉटेलात पाव-लोणी वाढले गेले. लोदी गार्डनमध्ये प्रवेशशुल्कही नाही, तरी बस थांबवली नाही, हे मी पुन्हा नमूद करतो.

या तिन्हींच्या खर्चाचा परतावा आणि त्या उत्तराबद्दल लेखी माफी १५ दिवसांत मिळावी. अन्यथा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. आमच्या घरातील सहली आजवर आपल्याकडूनच होत आल्या. आईवडिलांची आगाऊ नोंदणी मी रद्द करत आहे. तीही रक्कम परत करावी.

आपला ग्राहक