नागीण उठली की आधी डॉक्टर गाठा

संपादक महोदय,

आपल्या कोल्हापुरात अजूनबी नागीण उठली की लोक आधी गेरू लावत बसतात नायतर मंत्र घालून घेतात, आणि मोलाचे दोन-तीन दिवस तिथंच जातात, याचं फार वाईट वाटतं. हा कांजिण्यांचाच व्हायरस, वर्षानुवर्षं नसांत दडलेला. त्यावर असायक्लोव्हिर नावाचं औषध आहे, पण पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू केलं तर खरा फायदा. व्हायरसचंच एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन) या औषधाला कामाला लावतं, त्यामुळं ते मुख्यतः बाधित पेशींतच व्हायरसच्या डीएनएची कॉपी थांबवतं. मोठ्यांना साधारण ८०० मिलिग्रॅम, दिवसातून ५ वेळा, ७ दिवस, पण किडनीचा त्रास असेल तर डोस बदलतो म्हणून डॉक्टरांना विचारूनच, आणि पाणी भरपूर प्यायचं. नुसत्या मलमावर भागत नाही. डोळ्याजवळ फोड आले तर त्याच दिवशी दाखवा.

– एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर