आरशावरची चादर

आदरणीय वस्ताद,

सादर नमस्कार.

हे पत्र चारचौघांत लिहिलेले तुम्हाला आवडणार नाही, याची मला पूर्ण कल्पना आहे. म्हणून तुमचे नाव, तालमीचे नाव किंवा गल्लीची खूण यांपैकी काहीही यात येऊ दिलेले नाही. सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या खडखडाटात, पत्र्याच्या छपराखाली पहाटे साडेपाचला कुलूप उघडणारे वस्ताद कोण, हे ओळखणारे ओळखतीलच. त्याला माझा इलाज नाही. तोंडावर आभार मानण्याचा प्रयत्न मी दोनदा करून पाहिला आणि दोन्ही वेळा तुम्ही "चहा घ्या की ओ सर" म्हणून विषय बदललात. कागदावर तुम्हाला तसे करता येणार नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये, ऐन गाळप हंगामात, अक्कलकोट रस्त्यावर अंधारात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर माझी दुचाकी आदळली. ट्रॉलीला मागे ना दिवा होता ना रिफ्लेक्टर. माझ्याजवळ हेल्मेट होते, पण ते हँडलला अडकवलेले होते. वर्गात मी मुलांना या विषयावर किती वेळा बोललो आहे हे आठवते, म्हणून त्याबद्दल अधिक लिहीत नाही. उजव्या मांडीचे हाड मोडले, आत रॉड बसला, आणि डोक्याला मार लागल्यामुळे पाच दिवस अतिदक्षता विभागात गेले. पुढे हाड छान जुळले. एक्स-रे पाहून सगळे समाधानी झाले आणि मला घरी पाठवण्यात आले.

पण घरी आलेला माणूस मी नव्हतो. अपघातापूर्वी १२० किलोची बैठक मारणारा मी, कॉलेजचे दोन जिने चढलो की कठड्याला धरून उभा राहत असे. आठवड्यातून एकदा दाढी केली तरी भागत होते. मे महिन्यात, सोलापुरात, पारा चाळिशीच्या वर गेलेला असताना मी चादर पांघरून बसत असे आणि आई काळजीने माझ्या कपाळाला हात लावून पाहत असे. आणखीही काही गोष्टी होत्या, ज्या पुरुष कोणाला सांगत नाही. ज्या डॉक्टरांना त्या मोठ्या कष्टाने सांगितल्या, त्यांनी थायरॉइडची टीएसएच ही एकच तपासणी करून घेतली, आकडा पाहिला आणि "नॉर्मल आहे, मनावर घेऊ नका, चाळिशी आली आता" असे म्हणून पुढच्या रुग्णाला आत बोलावले. दुसऱ्यांनी झोपेची गोळी दिली. नातेवाइकांनी तर सल्ल्याचे पैसेही घेतले नाहीत: "वजनं उचलून आता काय ऑलिम्पिकला जायचंय?"

त्याच काळात मी काचेच्या दर्शनी भागाच्या एका वातानुकूलित जिममध्ये वर्षाची फी भरली होती. माझ्या विद्यार्थ्याच्या वयाच्या तिथल्या ट्रेनरने दोन आठवडे माझी प्रगती पाहिली, मला पाण्याच्या टाकीमागे नेले आणि बारा आठवड्यांच्या इंजेक्शनच्या 'कोर्स'चा भाव सांगितला. मला काय झाले आहे हे त्याने विचारले नाही. मी नकार दिल्यावर तो माझ्याशी बोलेनासा झाला. फी अर्थातच परत मिळाली नाही.

मे २०२३ च्या शेवटच्या आठवड्यात मी तुमच्याकडे आलो. तुम्ही माझ्या हातात लोखंड दिलेच नाही. खांद्यावर वेळूची काठी दिलीत, मागे विटांची चळत रचून तिच्यावर फळी ठेवलीत आणि म्हणालात, "टेका आणि उठा." तिसऱ्या फेरीनंतर तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवलात, मग तो तळहात उलटा करून पाहिलात. आजूबाजूची सगळी पोरे घामाने निथळत होती आणि तुमचा हात कोरडा होता. "सर, तुम्हाला घाम का येईना?" असे तुम्ही विचारलेत. माझ्याजवळ उत्तर नव्हते. "मग ही कसरतीची गोष्ट नाही. आधी मोठ्या डॉक्टरला दाखवा, तोवर इथं पाय ठेवायचा नाही," असे म्हणून तुम्ही गल्ल्यातून माझी महिन्याची फी काढून परत दिलीत.

हार्मोनच्या तज्ज्ञ डॉक्टरीण बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला: डोक्याला कधी मार लागला होता का? दीड वर्षात हा प्रश्न कोणीही विचारला नव्हता. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. थायरॉइड, मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी आणि वृषण ही सगळी मंडळी तिच्या हुकमावर चालतात, आणि डोक्याला जबर मार लागल्यानंतर काही जणांत ती मंदावते. टीएसएच हे तर पिट्युटरीचेच हार्मोन. ग्रंथीच आजारी असताना तेवढाच आकडा पाहणे म्हणजे रजेवर असलेल्या मुख्याध्यापकाला शाळा कशी चालली आहे असे विचारण्यासारखे आहे. सोबत टी-फोर, म्हणजे थायरॉइडचे स्वतःचे हार्मोन, पाहिले, तेव्हा ते कमी निघाले. अधिवृक्क ग्रंथींचे हार्मोन असलेले सकाळी आठचे कॉर्टिसोल कमी निघाले. टेस्टोस्टेरॉन तर जवळपास नव्हतेच. उपचारांचा तपशील इथे नको. एवढेच सांगतो की आधी कॉर्टिसोलची उणीव भरून काढणारी गोळी सुरू झाली आणि नंतर थायरॉइडची, कारण हा क्रम उलटा झाला तर जिवावर बेतू शकते, असे बाईंनी बजावले होते. शेवटी टेस्टोस्टेरॉन आले: रक्त तपासून, शरीरात जेवढे कमी आहे तेवढेच. त्या काचेच्या जिममध्ये बहुधा याच कुळातले औषध कोणत्याही तपासणीशिवाय, घाऊक भावात मिळत होते, याचा मला अजूनही राग येतो.

इथवर वाचणाऱ्याला वाटेल की मी तुमचे आभार मानतो आहे ते त्या कोरड्या तळहाताबद्दल. ते ऋण मोठे आहेच. ते फेडण्याच्या भानगडीत मी पडणार नाही. पण रात्री झोप लागेना की मला आठवते ती गोष्ट वेगळी आहे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये डॉक्टरांची परवानगी घेऊन मी परत आलो. पोरांची गर्दी होण्याआधीची पहाटेची वेळ तुम्हीच सुचवली होती. त्या दिवशी काठी खांद्यावर घेऊन वळलो आणि समोरच्या मोठ्या आरशात मला मी दिसलो. उजवी मांडी डावीपेक्षा टेपने मोजून चार सेंटिमीटर बारीक, खांदे उतरलेले, छाती सैल, पोट पुढे. मी काही बोललो नाही. तुम्हीही बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे आलो तर माझ्या जागेसमोरच्या आरशावर, वर दोन खिळे ठोकून, एक सोलापुरी चादर टांगलेली होती. तुमच्या भावाच्या मागावरची, डागी म्हणून बाजूला पडलेली. तिच्यावरच्या मोरांपैकी एकाचा तुरा धागा तुटल्यामुळे अर्धाच विणला गेला होता. मी तिच्याकडे पाहतो आहे हे पाहून तुम्ही म्हणालात, "ऊन येतंय की ओ सर आरशावरून, डोळ्यांवर तिरीप पडते."

वस्ताद, तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते. सूर्य उगवायला पाऊण तास अवकाश होता.

पुढे सात महिने ती चादर तिथे होती. संध्याकाळच्या पाळीतल्या पोरांनी कुरकूर केली. आरशाशिवाय त्यांचे दंड फुगत नाहीत. त्यांना तुम्ही काच तडकली असल्याचे सांगितले, हे मला त्यांच्यापैकीच एकाकडून कळले. माझ्या आजाराबद्दल, माझ्या लाजेबद्दल तुम्ही मला एक शब्दही विचारला नाही, धीराचे भाषण केले नाही, की दुसऱ्या कोणाचे उदाहरण दिले नाही. मला आयुष्यात धीर देणारे पुष्कळ भेटले. त्यांतल्या बहुतेकांना आपण धीर देत आहोत हे इतरांना दिसावे असे वाटत असे, आणि मग धीर घेणाऱ्याला त्यांच्यासाठी बरे झाल्याचा आव आणावा लागतो. तुम्ही मला तो आव आणायला लावला नाही. समोरच्याची लाज ओळखायची, ती ओळखली आहे हे त्याला कळू द्यायचे नाही आणि वर एक बिनबुडाचे कारण पुढे करायचे, ही जुन्या सोलापूरकरांची रीत असावी. इथली माणसे बोलायला आपल्या कडक भाकरीसारखी, एका झटक्यात मोडणारी. पण पंक्तीत कोणाचे पान रिकामे आहे हे त्यांना न बोलता कळते. मी तेवीस वर्षे शिकवतो आहे आणि नापास झालेल्या मुलाशी असे वागणे मला किती वेळा जमले, हे मोजायचे धाडस होत नाही.

त्या जानेवारीत ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत ६८ लिंगांच्या वाटेवर सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच, जड काठ्या, निघाले, तेव्हा गर्दीत तुम्ही माझ्या शेजारी उभे होता. "हात बघू नका, कंबर बघा," तुम्ही म्हणालात. "काठी उचलत नाहीत सर, पेलतात." दुसऱ्या दिवशी २० किलोचा मोकळा बार खांद्यावर घेताना मला प्रथमच समजले की मी आजवर नुसता उचलत होतो आणि उचलणे जमेना म्हणून स्वतःवर चिडत होतो. चळतीतल्या विटा तुम्ही एकेक करून काढत गेलात, महिन्याला एक, तीही मला न सांगता. मोजणी तुमची तेलुगूत: ओकटी, रेंडू, मूडू. दहाव्याच्या आधी तुम्ही 'तोम्मिदी' दोनदा म्हणता, हे तेलुगू येत नसूनही माझ्या ध्यानात आले आहे. आजवर बोललो नाही. आता लिहून ठेवतो.

मे २०२४ मध्ये एका सकाळी ६० किलोच्या तिसऱ्या फेरीनंतर मी वाकून उभा होतो आणि खालच्या शहाबादी फरशीवर टप टप काहीतरी पडत होते. छपराकडे पाहिले; वाटले, पत्रा गळतो आहे. सोलापुरात, मे महिन्यात. तुम्ही कोपऱ्यातले फडके माझ्या पायाशी फेकलेत आणि म्हणालात, "पुसा की ओ, दुसऱ्याचा पाय घसरेल." मी गुडघ्यावर बसून स्वतःचा घाम पुसला. त्यासाठी मला बराच वेळ लागला आणि तो सगळा घामच होता असे म्हणता येणार नाही.

आज मी ८५ किलोवर आहे. १२० होईल की नाही, ठाऊक नाही. गोळ्या बहुधा जन्मभर चालतील, ताप आला की डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे डोस वाढवावा लागतो, आणि थंडीत मांडीतला रॉड ठणकतो. ही तक्रार नाही, तुम्ही वहीत आकडा लिहिता म्हणून मीही लिहिला.

तो फरशी पुसल्याचा दिवस संपताना मी खिळ्यांवरून चादर स्वतःच्या हाताने उतरवली होती, हे तुम्ही पाहिलेत आणि डंबेल्स रॅकवर लावत राहिलात. मी आधी काच पाहिली. वरपासून खालपर्यंत, कोपऱ्यांसह. तिला कुठेही तडा नव्हता. मग त्यात स्वतःला पाहिले.

चादर माझ्याकडेच राहिली आहे. आईने ती दोनदा धुतली. बारच्या गंजाचा एक डाग अर्ध्या तुऱ्याच्या मोराखाली तेवढा राहिला, तो काही निघत नाही. परवा तुम्ही फोनवर म्हणालात की बाळंतपणानंतर एक बाई पहाटेच्या पाळीला येणार आहेत. सोमवारी येताना चादर घेऊन येतो. खिळे अजून तिथेच आहेत ना?

आपला,
पहाटेच्या पाळीतला मास्तर