गोष्ट छापा, पण हुंकार कापू नका

संपादक महोदय,

रविवारच्या मुलांच्या पानावर तुम्ही 'आफ्रिकेतली लोककथा' म्हणून आठ पायांच्या कोळ्याची गोष्ट छापलीत, आवडली, पण आफ्रिकेत ५४ देश आहेत हो, मग आफ्रिकेतली म्हणजे नक्की कुठली? कोकणातली गोष्ट उद्या कुणी 'आशियातली' म्हणून छापली तर आपल्याला चालेल का? हा कोळी म्हणजे अनान्सी, घानातल्या अकान लोकांचा, आणि गुलाम म्हणून जहाजात कोंबलेल्या माणसांबरोबर तो पार जमैकापर्यंत गेला.

पण मला खरं खटकलं ते वेगळंच. नातवाने ती गोष्ट वाचली, दोन मिनिटांत संपवली आणि परत मोबाईल. त्याच रात्री इथे कोपरखैरण्यात लाइट गेली म्हणून मी तीच गोष्ट गॅलरीत बसून सांगायला घेतली. जगातल्या सगळ्या गोष्टी, म्हणजे सांगायच्या कथा हं, आकाशदेव न्यामेकडे, त्या हव्या असतील तर किंमत म्हणून अजगर, बिबट्या, गांधीलमाश्या आणि कुणाला न दिसणारी परी पकडून आणायची. मग अनान्सी काय करतो, डोक्यावर केळीचं पान धरतो, गांधीलमाश्यांच्या पोळ्यावर पाणी शिंपडतो आणि म्हणतो अगं बायांनो पाऊस आला, या माझ्या भोपळ्यात! इथे मी बाटलीतलं पाणी नातवाच्या मानेवर उडवलं, तो असा किंचाळला की शेजारच्यांनी दार उघडलं. धाकटी मात्र विचारात, म्हणे आजी, भोपळ्यात गांधीलमाश्या बसल्या तर म्हातारी कुठे बसणार?

आमची आजी गोष्ट सांगताना कुणीतरी हुंकार द्यायलाच हवा असायचा, नाहीतर ती थांबायची, झोपलात का रे मेल्यांनो म्हणायची. तिकडेही तसंच की. पूर्व आफ्रिकेत स्वाहिली भाषा बोलणाऱ्यांकडे सांगणारा म्हणतो पाउक्वा, पोरं ओरडतात पाकावा, मग गोष्ट सुरू. अकान लोक तर आधीच सांगून टाकतात की आता जे सांगू ते काही खरं नाही हं. तुमच्या छापील गोष्टीत यातलं काहीच नाही आणि खाली चौकटीत तात्पर्य, 'लबाडी करू नये'! अहो, त्या कोळ्याला लबाडी करूनच तर सगळ्या गोष्टी मिळाल्या!

पुढच्या वेळी ती चौकट काढा, तेवढ्या जागेत गोष्ट कुठल्या लोकांची ते छापा आणि मुलांनी कुठे ओरडायचं तेही.

एक आजी, कोपरखैरणे, नवी मुंबई