सशाचं पिल्लू जिथे आहे तिथेच राहू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हरभरा-गव्हाची काढणी सुरू झाली की चोपडा, यावल, शिरपूरकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच फोटो फिरू लागतो: तळहातावर सशाचं पिल्लू आणि खाली ‘आई सोडून गेली, घरी आणलंय, दूध पाजतोय’. हेतू चांगलाच असतो. पण आई बहुतेक वेळा सोडून गेलेली नसते.

आपल्याकडचा रानससा बीळ करत नाही. गवताच्या बुडाशी किंवा बांधालगत अंगापुरता उथळ खळगा करून तो दिवस काढतो. पिल्लं जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांची असतात. आई त्यांच्याजवळ बसून राहत नाही, कारण तिच्या वासाच्या मागावर कोल्हा किंवा कुत्रं थेट पिल्लांपर्यंत येऊ शकतं. दिवसभर ती लांब राहते, अंधार पडला की येते आणि काही मिनिटांत पाजून निघून जाते. त्यामुळे भरदुपारी एकटं बसलेलं पिल्लू अनाथ समजू नये. हात लावला तरी ते पळत नाही, म्हणून माणसाळलंय असंही नाही. कान पाठीला चिकटलेले, अंग जमिनीला दाबलेलं, नाकपुड्या भराभर हलणाऱ्या, ही सगळी भीतीची लक्षणं आहेत.

पिल्लू उचलून आणलं असेल तर त्याच दिवशी, दिवस मावळायच्या आत, होतं तिथेच नेऊन ठेवा. पीक कापलं गेलं असेल तर लगतच्या बांधावरच्या गवतात ठेवा. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला जवळ करत नाही, हा समज चुकीचा आहे. मात्र बघायला म्हणून तिथे थांबू नका, माणसाची चाहूल असेपर्यंत ती फिरकणार नाही. कुत्रीही त्या रात्री बांधून ठेवा.

सर्वांत जास्त घात होतो तो दुधाने. सशाच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिनं गाईच्या दुधापेक्षा कितीतरी जास्त, दुग्धशर्करा मात्र फार कमी. गाईचं दूध पाजलं की पोट फुगतं, हगवण लागते. ड्रॉपरने जबरदस्तीने पाजलेलं दूध फुप्फुसात गेलं तर पिल्लू वाचणं कठीण. पाळीव सशांच्या खुराड्यात तर त्याला ठेवूच नका. ती जात वेगळी, आणि त्यांचे रोग याला लागू शकतात.

जखम, कुत्र्या-मांजराचे दात, अंगावर मुंग्या किंवा माशीची अंडी, जवळच मेलेली आई, यांपैकी काही दिसलं तरच हस्तक्षेप करा. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात सुती कापड अंथरून पिल्लू ठेवा, खोकं अंधाऱ्या, शांत जागी ठेवा, तोंडात काही घालू नका आणि वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन करा. मोठा जखमी ससा असेल तर टॉवेलने डोक्यासकट झाकून, मागच्या पायांना खालून आधार देऊन उचला. कान धरून लोंबकळता उचलला तर लाथा झाडताना त्याच्याच जोराने त्याचा कणा मोडू शकतो. रानससा पकडणं किंवा पाळणं हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे, हेही लक्षात असू द्या.

आमची खरी विनंती हार्वेस्टरवाल्यांना आणि शेतमालकांना आहे. चारही कडांनी फेऱ्या मारत आत आत गेलं की ससे मधल्या पट्ट्यात कोंडले जातात आणि शेवटच्या फेरीत सापडतात. त्याऐवजी एका कडेपासून सुरुवात करून पडीक रानाच्या किंवा नाल्याच्या दिशेने कापत चला, मोठे ससे त्या बाजूने निघून जातात. पिल्लं मात्र यंत्र अंगावर आलं तरी हलत नाहीत. त्यांच्यासाठी कापणीआधी बांधालगतच्या पिकाच्या दोन-चार ओळी एका माणसाने पायी बघून घ्याव्यात. पिल्लू सापडलं तर हातात गवत घेऊन त्यासह ते उचलावं आणि जवळच्या न कापलेल्या बांधावर ठेवावं.

– वन्यजीव बचावकार्यातील कार्यकर्ते,
चोपडा, जि. जळगाव