महापौरांनी शहराला दर महिन्याला एक पत्र लिहावं

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

१५ जानेवारी २०२६ ला आपल्या छत्रपती संभाजीनगर मनपाचं मतदान झालं, दुसऱ्या दिवशी निकाल लागला, ११५ नगरसेवक निवडून आले आणि शहराला पुन्हा महापौर मिळाले. एप्रिल २०२० पासून म्हणजे पावणेसहा वर्षं मनपात लोकांनी निवडून दिलेलं कुणीच नव्हतं, सगळा कारभार प्रशासकांच्या सहीने चालला. त्याआधीची निवडणूक २०१५ ची, त्यामुळे आज सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची जी पोरं-पोरी आहेत, काहींची लग्नं झालीत, फ्लॅटचे हप्ते सुरू आहेत, त्यांनी सुद्धा मनपासाठी पहिल्यांदाच बटण दाबलं. एवढ्या उशिरा का होईना आपला माणूस खुर्चीत बसलाय तर माझी एकच मागणी आहे आणि ती तुमच्या पेपरमधून महापौरांपर्यंत जावी म्हणून हे लिहितोय.

महापौरांनी दर महिन्याला शहराला एक पत्र लिहावं. एक पान पुरे. गेल्या महिन्यात काय करू म्हणालो होतो, त्यातलं काय झालं, काय राहिलं, का राहिलं, आणि पुढच्या महिन्यात काय होणार. बस एवढंच. उद्घाटनाचे फोटो नकोत, नेत्यांचे आभार नकोत, ते सगळं फ्लेक्सवर असतंच.

कुणी म्हणेल पत्राने काय होतं, कामं करा. पण या शहरात गेली कित्येक वर्षं कामाइतकाच त्रास कामाची खरी माहिती न मिळण्याचा झालाय, आणि तो पाण्यावरून सगळ्यात जास्त कळतो. पैठणचं नाथसागर म्हणजे जायकवाडी धरण आपल्यापासून पन्नास किलोमीटरच्या आसपास, क्षमता १०२ टीएमसी. गेल्या सप्टेंबरमध्ये धरण भरून दरवाजे उघडावे लागले, गोदावरीला पूर आला, खाली काठच्या वस्त्या हलवाव्या लागल्या, आणि त्याच वेळी इकडे नळाला कित्येक दिवसांनी पाणी येणाऱ्या शहरात लोक शेजाऱ्याला विचारत होते तुमच्याकडे आलं का हो पाणी, आमचा कितवा दिवस आहे. म्हणजे धरणात पाणी नाही असं कारण द्यायला सुद्धा जागा नव्हती. पाणी आहे पण ते आणायला पाइप पुरत नाही. जुनी ७०० मिमीची लाइन सत्तरच्या दशकातली, १४०० मिमीची नव्वदच्या, दोन्ही म्हाताऱ्या झाल्यात, कुठे ना कुठे फुटतात, फुटली की दुरुस्ती, दुरुस्ती झाली की पुढचं सगळं टाइमटेबल एक दिवस मागे. मध्ये ९०० मिमीची एक लाइन टाकली, तिने थोडा हातभार लागला, पण शहर केवढं वाढलंय ते आपण बघतोच.

आता मोठ्या योजनेचं बघा. त्याच्या आधीची समांतर जलवाहिनी आपल्या सगळ्यांना आठवते, खाजगी कंपनीबरोबर करार झाला, मीटरवरून भांडणं झाली, २०१६ मध्ये मनपाने तो करारच रद्द केला. मग १,६८० कोटींची नवीन योजना आली, १२ डिसेंबर २०२० ला तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते भूमिपूजन झालं, नंतर खर्च वाढत वाढत २,७४० कोटींवर गेला. २५०० मिमीचा म्हणजे अडीच मीटर व्यासाचा पाइप, माणूस आत उभा राहील एवढा, जायकवाडीतला जॅकवेल म्हणजे धरणातून पाणी उचलायची विहीर, नक्षत्रवाडीचं जलशुद्धीकरण केंद्र, शहरभर नवीन टाक्या, गल्लीबोळातून नवीन पाइपचं जाळं. काम खरंच प्रचंड आहे आणि ज्यांनी उन्हातान्हात ते केलंय त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण हे काम कुठवर आलं ते आम्हाला कुठून कळायचं? हायकोर्टाच्या इथल्या खंडपीठात सुनावणी झाली की. कोर्टाने विचारलं, यंत्रणेने उत्तर दिलं, दुसऱ्या दिवशी तुमच्या पेपरात आलं, तेव्हा शहराला समजलं की अमुक काम इतकं झालंय आणि तमुक अडलंय. कोर्टाने लक्ष घातलं नसतं तर ही योजना अजून किती रेंगाळली असती कोण जाणे, त्याबद्दल खंडपीठाचे आभारच मानायला हवेत. पण पाणी कधी येणार हे शहराला कोर्टाच्या बातमीतून कळावं आणि मनपाकडून कळू नये हे काही बरोबर नाही.

आणि तारखा तरी किती ऐकल्या आम्ही. या मार्चपर्यंत, त्या दिवाळीपर्यंत, पुढच्या पावसाळ्याच्या आत. प्रत्येक वेळी कुठलेतरी मंत्री किंवा अधिकारी पाहणी दौऱ्यावर आले की नवीन तारीख, आणि जुन्या तारखेचं काय झालं हे कुणी सांगतच नाही. उशीर का होतो तेही लोकांना समजतं, पैठण रस्त्याचं रुंदीकरण आणि त्याच रस्त्याने जाणारी जलवाहिनी यांचा घोळ झाला, कधी पाइपचा तुटवडा, कधी जागेचा प्रश्न. ही कारणं खरी असतील तर तीच सांगा ना, सरळ सांगितलं की माणूस रागावतो पण समजून घेतो, गप्प बसलात तर तो तुमच्यावर पुन्हा विश्वासच ठेवत नाही.

मला माहितीये की महापौरांच्या हातात सगळं नाही. महाराष्ट्रात मनपाचे कार्यकारी अधिकार कायद्याने आयुक्तांकडे असतात, पैशाच्या मंजुऱ्या १६ जणांच्या स्थायी समितीत होतात, ही पाण्याची योजना तर महाराष्ट्र जीवन प्राधिकरण राबवतंय, रस्त्यांपैकी काही मनपाचे, काही बांधकाम खात्याचे, काही राष्ट्रीय महामार्गवाल्यांचे. महापौर सर्वसाधारण सभा चालवतात, विषय लावतात, प्रशासनाला जाब विचारतात, आणि तेही अडीच वर्षंच. पण म्हणूनच तर हे पत्र त्यांनीच लिहायला पाहिजे असं मी म्हणतो. सामान्य माणसाला खड्डा दिसतो, तो कुणाच्या खात्याचा आहे ते दिसत नाही. तो इकडे गेला की सांगतात तिकडे जा. या सगळ्या खात्यांच्या वरून शहराकडे बघणारा आणि आपण मतं दिलेल्या सभागृहाने निवडलेला एकच माणूस आहे. त्यांनी नुसतं एवढं लिहिलं की हे काम माझ्याकडे नाही, ते अमक्या खात्याकडे आहे, मी त्यांना अमुक तारखेला पत्र दिलं, त्यांचं उत्तर हे आलं, किंवा उत्तर आलंच नाही, तरी लोकांचे अर्धे हेलपाटे वाचतील. अडीच वर्षं म्हणजे जेमतेम तीस पत्रं होतात, फार काही मोठं मागणं नाही हे.

यंदा प्रभाग पद्धत आली त्यामुळे तर ही गरज अजून वाढलीय. आपल्या शहरात आधी एका वॉर्डाला एक नगरसेवक होता, चांगला असो वाईट असो, त्याच्या दारात जाता यायचं. आता २९ प्रभाग आणि जवळजवळ प्रत्येकात चार-चार जण. ड्रेनेज तुंबलं तर चौघांपैकी कुणाला फोन करायचा? चौघं एका पक्षाचे असले तर एकमेकांकडे बोट दाखवतील, वेगवेगळ्या पक्षाचे असले तर श्रेयासाठी भांडतील, अशी भीती लोक आत्ताच बोलून दाखवतायत. म्हणून महापौरांच्या पत्रात प्रभागवार चार-चार ओळी तरी असाव्यात, कुठल्या प्रभागात कुठलं काम मंजूर, किती रुपयांचं, कुठपर्यंत आलंय. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे असली माहिती कुणी अर्ज न करता स्वतःहून जाहीर करायचीच असते, म्हणजे यात नवीन काही करायचं नाही, कायद्यात आहे तेच लोकांना वाचता येईल असं द्यायचंय.

पाणीपट्टीचं पण एकदा नीट लिहावं. ४,०५० रुपये होती ती २०२२ मध्ये अर्ध्यावर आणून २,०२५ केली, लोकांना बरं वाटलं, मलाही वाटलं. पण नवीन योजनेतून पाणी आलं की विजेचं बिल, देखभाल, कर्जाचे हप्ते हे सगळं कुठून भागवणार, पट्टी किती वाढणार, मीटर बसणार का, हे आधीच मोकळेपणाने सांगा. समांतरच्या वेळी लोक बिथरले ते मीटरच्या बातम्या अर्धवट कानावर आल्या म्हणून सुद्धा. रोज पाणी देणार असाल तर लोक जास्त पैसे द्यायला तयार होतील असं माझं मत आहे, आज टँकर आणि जारवर घरोघरी जो पैसा जातो तो काय कमी आहे का.

शहराला लागून असलेला सातारा-देवळाई परिसर हा तर वेगळाच विषय आहे. मनपात येऊन आता दहा वर्षं होत आली, लोक मालमत्ता कर भरतायत, आणि मोठ्या भागात अजून टँकरची वाट बघतायत. गुंठेवारीतल्या म्हणजे गुंठ्या-गुंठ्याने प्लॉट विकून वसलेल्या कितीतरी वसाहतींची तीच गत. तिथल्या बायकांचा अख्खा दिवस टँकरच्या वेळेभोवती फिरतो, कामावर जायचं की ड्रम भरायचे हे ठरवावं लागतं, आणि टँकर आला नाही तर दोन्ही बुडतं. या भागात नवीन पाइप कुठल्या गल्लीपर्यंत आलेत, टाकीचं काय झालं, कनेक्शन कधी, हे पत्रात सगळ्यात वर यायला पाहिजे, शहराच्या मध्यभागाच्या सुशोभीकरणाच्या आधी.

रस्त्यांबद्दलही लिहायला हवं. गेल्या वर्षी जूनपासून मुकुंदवाडी, जालना रोड, बीड बायपास, पैठण रोड, पडेगाव-मिटमिटा असं करत रुंदीकरणासाठी पाडापाडी झाली, दुकानं गेली, काहींची राहती घरं गेली. रस्ते मोठे व्हायला पाहिजेत यात शंका नाही, जालना रोडवर संध्याकाळी ज्याने गाडी चालवलीय त्याला ते सांगायला नको. पण ज्याचं दुकान गेलं त्याला तिथे रस्ता झालेला तरी दिसला पाहिजे ना. जागा मोकळी केलीय तिथे सर्व्हिस रोडचं काम कधी, निधी कुठून, ज्यांच्याकडे कागदपत्रं होती त्यांच्या मोबदल्याचं काय ठरलं, किती अर्ज आले आणि किती निकाली निघाले, याचा आकडा महापौरांनी महिन्याच्या महिन्याला द्यावा. त्या माणसांना आकडा माहीत असण्याचा हक्क आहे, त्यांनी शहरासाठी दिलंय.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे बोलली पाहिजे. महापौर असले म्हणजे आपोआप सगळं नीट होतं असं नाही. २०१८ चा कचरा आठवा. फेब्रुवारीत नारेगावच्या गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, आणि चूक त्यांची नव्हती, वर्षानुवर्षं अख्ख्या शहराची घाण त्यांच्या दारात टाकली जात होती. मार्चमध्ये मिटमिट्याला दगडफेक, लाठीमार झाला, आणि शहरात कित्येक महिने चौकाचौकात कचऱ्याचे ढीग. तेव्हा महापौर होते, सभागृह होतं, सभा पण व्हायच्या. पण कचरा उद्या कुठे जाणार आहे हे शहराला कुणी एकदा शांतपणे समजावून सांगितलं नाही, त्यामुळे प्रत्येक वस्तीला वाटलं की आता आपल्याकडेच आणून टाकणार, आणि प्रत्येक वस्ती रस्त्यावर उतरली. तेव्हा वेळेवर खरं सांगितलं असतं तर मिटमिट्याचा तो दिवस टळला असता असं मला आजही वाटतं. पुढे चिकलठाणा, पडेगाव, हर्सूलला प्रक्रिया केंद्रं उभी राहिली, घरोघरी घंटागाड्या यायला लागल्या. खाम नदीच्या काठी गेल्या काही वर्षांत मनपा, संस्था आणि नागरिकांनी मिळून जे काम केलंय ते तर बघून मन भरून येतं, जिथे नाक दाबून जायचो तिथे लोक आता मुलांना घेऊन फिरायला जातात. म्हणजे ठरवलं तर या शहरात कामं होतात. चांगलं झालंय ते पण पत्रात लिहा, फक्त चांगलंच लिहू नका.

शेवटी पत्र लोकांपर्यंत कसं जावं याबद्दल. नुसतं वेबसाइटवर टाकून चालणार नाही. मराठीत असावं, सोबत उर्दूत पण असावं, शहागंज, किराडपुऱ्यातल्या आजीलाही ते वाचून दाखवता आलं पाहिजे. प्रत्येक वॉर्ड ऑफिसच्या बोर्डावर, पाण्याच्या टाकीपाशी, बसस्टॉपवर चिकटवावं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला एका फोटोत मावेल एवढं असावं. आणि वर्षातून दोनदा तरी प्रभागात लोकांसमोर ते वाचून प्रश्न घ्यावेत, मनपा कायद्यात प्रभाग समिती आहे, क्षेत्र सभेची तरतूद पण आहे, ती कागदावरून खाली उतरवायला हीच वेळ आहे.

पहिलं पत्र उन्हाळा चटके द्यायच्या आत यावं. त्यात कुठल्या टाकीवरून कुठल्या वसाहतीला किती दिवसांआड पाणी, टँकर किती आणि कुठे, फुटलेली लाइन किती तासांत दुरुस्त होणार आणि रात्री फोन कोण उचलणार, एवढं असलं तरी मला चालेल. आणि संपादक साहेब, तुम्हालाही एक विनंती, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी शहराच्या पानावर या पत्रासाठी जागा राखून ठेवा, पत्र आलं तर जसंच्या तसं छापा, आणि नाही आलं तर ती जागा कोरी सोडून खाली तारीख टाका.

आपला,
एक नियमित वाचक,
गारखेडा परिसर, छत्रपती संभाजीनगर