डीप फ्रीझर बंद पडला आहे : सभासद व हितचिंतकांना आवाहन

स. न. वि. वि.

आपल्या प्रयोगशाळेतला डीप फ्रीझर मंगळवारी बंद पडला. कॉम्प्रेसर गेलाय, मेकॅनिक म्हणतो आता यात पैसे घालू नका. प्लेटिंगच्या (धातूचा मुलामा देण्याच्या) सांडपाण्यातलं विषारी क्रोमियम कमी विषारी करणाऱ्या आपल्या जीवाणूंच्या कुप्या सध्या थर्माकोलच्या पेटीत, बर्फ आणि खडेमिठात ठेवल्या आहेत. पॉट आइस्क्रीमची युक्ती. बर्फ बदलायला मी सकाळ-संध्याकाळ जातो.

हे जीवाणू कुठले, ते जुन्या सभासदांना सांगायला नको. भोसरीत गाळ मागायला गेलो, तर बाकीच्या कारखानदारांनी गेटवरूनच वाटेला लावलं, तेव्हा आपल्या प्लेटिंगवाल्या काकांनी स्वतःच्या टाकीतला गाळ पाच लिटरच्या कॅनमध्ये भरून, स्कूटरवर पायाशी ठेवून आणून दिला. वर अकरा हजारांचा चेकही दिला. पुढची तीन वर्षं हे संशोधन करणाऱ्या आपल्या बाईंची. निवृत्तीनंतर मानधन नाही, रिक्षाचे पैसेही घेतले नाहीत. क्रोमेटने (विषारी क्रोमियमच्या क्षाराने) पिवळ्या झालेल्या पाण्यात त्यांनी जीवाणू सोडले आणि दोन दिवसांनी डायफिनाइलकार्बाझाइड घातलं; विषारी क्रोमियम असेल तर ते जांभळं होतं. जीवाणू न घातलेली नळी गडद जांभळी झाली, आपल्या नळीत जेमतेम गुलाबी झाक. त्या दिवशी बाईंनी सगळ्यांना चहा पाजला.

‘धातू खाणारे जीवाणू’ असं छापून आलं, ते मात्र बाईंना अजून खुपतं. धातू कुणी खात नाही. सहा संयुजेचं विषारी क्रोमियम तीन संयुजेचं होतं, त्याचा विषारीपणा बराच कमी होतो आणि ते गाळात बसतं. तो गाळ पुढे नीट हाताळावाच लागतो. क्रोमियमला दाद न देणारे जीवाणू पुष्कळ सापडतात. पण त्यातले कित्येक विष नुसतं पेशीबाहेर फेकतात. ते जगतात, पाणी होतं तसंच राहतं. जगणारे आणि पाणीही सुधारणारे निवडण्यातच ती तीन वर्षं गेली.

‘नव्याने वाढवत राहा की’, असं एका सभासदांनी सुचवलं. ही क्रोमियमला दाद न देण्याची शक्ती बरेचदा प्लाझ्मिडवर (पेशीतल्या डीएनएच्या छोट्या सुट्या कड्यावर) असते. धातूचा धाक नसला की पिढ्यांमागून पिढ्यांत ती गळून जाऊ शकते. म्हणून गोठवायचे. बेल्जियममध्ये १९७६ साली जस्ताच्या कारखान्यातल्या निवळण टाकीत सापडलेल्या क्युप्रियाव्हिडस मेटॅलिड्युरन्स या जीवाणूवर आजही काम होतं, कारण तो नीट जपला गेला. आणि ‘जीवाणू मुठा नदीत सोडून द्या’ म्हणणाऱ्यांसाठी पुन्हा एकदा : धातूंना आणि प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुकं अनेकदा एकाच प्लाझ्मिडवर असतात आणि ते नदीतल्या दुसऱ्या जीवाणूंकडे जाऊ शकतं. हे काम बंद टाकीतच करायचं.

गेल्या खेपेला चारशे पत्रं टाकली होती. उत्तरं अकरा आली, त्यातलं एक ‘यादीतून नाव काढा’ असं. काढलं आहे.

फ्रीझर, स्टॅबिलायझर धरून कोटेशन १,२५,००० रु., जमा ३८,००० (निम्मे पुन्हा काकांचेच). चेक मंडळाच्या नावे, क्यूआर कोड फलकावर, रोख दिल्यास पावती घ्यावीच. ८०जीचं (देणगीवरच्या करसवलतीचं) नूतनीकरण अडकलंय, कृपया विचारू नये. चालू स्थितीतला जुना फ्रीझरही चालेल, उणे २० अंशांपर्यंत जाणारा हवा. कार्यालय सायं. ६ ते ८, रविवार बंद.

सकाळी साडेसातला बर्फ आणून देणारा एखादा दुचाकीवाला मिळाला, तरी मोठी मदत होईल.

आपला,
चिटणीस